वासाचा रकाना

४ फेब्रुवारी

आज पेटीला सुरुवात केली. म्हणजे अजून फळवाल्याकडचे दोन लाकडी खोके आणि चार फळ्या एवढाच ऐवज आहे, पण सुरुवात केली! निवृत्तीनंतरच्या चार महिन्यांत पहिल्यांदा 'आज काय करू' असं न म्हणता उठलो.

ही वही गॅरेजातली. बत्तीस वर्षं मी गाड्यांना स्प्रे मारला आणि प्रत्येक गाडीची नोंद अशाच वहीत ठेवली: रंग कोणता, हात किती मारले, वाळायला वेळ किती. शेवटच्या दिवशी मालकाने भिंतीवरचं घड्याळ भेट दिलं. मी कपाटातली एक कोरी वही मागून घेतली. रकाने छापलेलेच आहेत, मी फक्त वरची नावं बदलली. आता 'ओलावा', 'खाणं' आणि 'वास'.

कल्पना लेकीची. रविवारी फोनवर म्हणाली, "बाबा, गांडुळं पाळा. घरातली सालं खातात, खत देतात. तुम्हाला उद्योग आणि आईला थोडी शांतता." शेवटचं वाक्य कुणी पढवलं ते मला कळतं.

हिने ऐकून घेतलं आणि अट घातली. "महिनाभर ठेवा. पण एक दिवस जरी घाण वास आला, तर पेटी घराबाहेर. आणि माझ्या स्वयंपाकघरात नाही म्हणजे नाही."

मी म्हटलं, "अगं, वासाचं तू मला सांगतेस? गॅरेजात मला नाक्या म्हणायचे!" खोटं नाही. थिनरच्या डब्याचं झाकण किलकिलं केलं की मी सांगायचो, भेसळ आहे की नाही. पुरवठा करणारा मला टरकून असायचा. शेवटची पाच-सहा वर्षं मालकाने ते काम दुसऱ्यांना दिलं. म्हणाला, तुम्ही आता मोठे झालात, डब्यात कशाला नाक घालता. वयाचा मान ठेवणारी माणसं हल्ली दुर्मीळ.

ही भाजी निवडायला लागली. म्हणजे मान्य.

७ फेब्रुवारी

दोन खोके एकावर एक. वरच्यात गांडुळं, खालच्यात गळणारं पाणी. तळाला आणि बाजूंना बोटभर अंतरावर भोकं पाडली. एकशे बारा! मोजली.

मग जागा. टेप आणि जुना थर्मामीटर घेऊन घरभर फिरलो. पुढच्या गॅलरीत दुपारी ऊन असतं, तिथे गांडुळं शिजतील. बाथरूममध्ये साबणाचं पाणी. मधल्या बोळात ठेवली तर पहिला पडणार मीच. मागच्या गॅलरीत कपड्यांचं मशीन. रोपवाटिकेचा माळी म्हणाला, गांडुळांना हादरे चालत नाहीत. म्हणून मशीन चालू असताना फरशीवर पालथा पडून कान लावला. ही कपडे घेऊन आली, मला ओलांडून गेली आणि म्हणाली, "काय म्हणतेय फरशी?"

सगळ्यात उत्तम जागा स्वयंपाकघराच्या दारामागचा कोपरा. थंड, अंधारा, स्थिर. पण तिथे मला जमावबंदी आहे, तीही एकट्याला. तीन वर्षं झाली, मला गॅसला हात लावू देत नाही. एक दिवस बाजारातून आली, धडाधड खिडक्या उघडल्या आणि फर्मान काढलं, माझ्या स्वयंपाकघरात लुडबूड नको. कारण काय, तर म्हणे ओट्यावर चहाचे डाग. बत्तीस वर्षं आरशासारखं काम केलेल्या माणसाला डागांवरून बोलावं? तेव्हापासून चहा हवा तर मागायचा. मी अजून विसरलेलो नाही.

शेवटी मशीन ढकलून गॅलरीच्या दुसऱ्या टोकाला नेलं. पाठ धरली, पण जागा झाली.

१० फेब्रुवारी

पेटी रंगवली! आधी फटींत लांबी भरली, घासली, प्रायमर, मग गडद निळ्याचे तीन हात. त्यावर लॅकर. आतूनही. ही म्हणाली, "आतून कशाला? गांडुळं काय आरशात बघणार आहेत?"

"कामात दिसेल तेवढंच चकाचक करणारे वेगळे. आपण त्यातले नाही," मी म्हटलं.

संध्याकाळी बोट फिरवलं, खडखडीत वाळलेली. झाकणात माझा चेहरा दिसतो. ही म्हणते, रंगाचा वास मारतोय अजून. हिला काय, कशाचाही वास येतो. दूधसुद्धा चांगलं असताना ओतून देते.

१२ फेब्रुवारी

आली!

माळ्याने कापडी पिशवीत अर्धा किलो मोजून दिली. पिशवी मांडीवर घेऊन बसमधून आलो. शेजारच्या बाईंनी विचारलं, काय आहे? खरं सांगितलं. मग पूर्ण बाक माझा.

वर्तमानपत्राच्या पट्ट्या भिजवून पिळल्या, वाळकी पानं, मूठभर माती, अशी गादी केली. वर गांडुळं सोडली. लालसर, दोऱ्याएवढी, आणि उजेड नको म्हणून लाजल्यासारखी आत शिरणारी. मी किती वेळ बघत होतो कुणास ठाऊक. भिजवलेलं गोणपाट पांघरलं, झाकण लावलं. पेटीखाली चार विटा, विटांखाली पाण्याच्या चार थाळ्या. मुंग्यांनी आता पोहत यावं.

ओलावा: पिळलेल्या फडक्याइतका. खाणं: केळ्याची दोन सालं. वास: नाही.

१३ फेब्रुवारी

सत्यानाश.

सकाळी हिची हाक. गॅलरीभर गांडुळं. भिंतीवर, मशीनखाली, थाळ्यांच्या पाण्यात. पेटीतून पळ काढलेला. मला वाटलं ही आकांडतांडव करणार. पण तिने कागदाची सुपली केली आणि एकेक उचलायला लागली. "उभे काय राहिलात? वाळतील ती."

माळ्याला बोलावलं. तो पेटीपाशी वाकला आणि मागे झाला. "काका, हे तर नुसतं थिनर मारतंय! नाकाला झोंबतं. माणूस टिकणार नाही यात, गांडुळं कशी टिकतील?"

माळ्याचं नाक जरा जास्तच तिखट दिसतं. फुलांत वाढलेला माणूस. पण गांडुळांनी त्याची बाजू घेतली म्हटल्यावर मी काय बोलणार. एक तृतीयांश गेली. उरलेली जुन्या बादलीत.

आतून सगळं घासून काढणार, कोरं लाकूड लागेपर्यंत. आयुष्यात पहिल्यांदाच स्वतःचा रंग खरवडतोय. हे जमलं नाही तर मला पुढच्या गॅलरीतली खुर्ची आहेच, रस्त्याने किती गाड्या जातात ते मोजायला. ते मी दोन महिने केलंय. पुन्हा नको.

१६ फेब्रुवारी

राहिली! एकही बाहेर नाही! सकाळी दार बोटभरच उघडून आधी डोकावलो. गॅलरी कोरडी. गोणपाट उचललं तर सगळी मंडळी सालाखाली गोळा होऊन बसलेली, पंगतीला बसावं तशी. मी एवढ्या मोठ्याने ओरडलो की शेजारच्या वकीलसाहेबांनी खिडकीतून विचारलं, कोण आलं? मी म्हटलं, कुणी गेलं नाही हीच बातमी आहे.

हिच्या अटीचा महिना आजपासून धरायचा ठरलं. तीच म्हणाली. वास: नाही.

२० फेब्रुवारी

भोपळ्याची साल दोन दिवसांत गायब. चहाचा चोथा दीड. अंड्याचं कवच कुटून दिलं. एक पांढुरकं मोहरीएवढं अंडं सापडलं, भिंगातून बघितलं. घरात पाळणा हलणार! लेकीला फोन केला. म्हणाली, "बाबा, माझ्या वेळी एवढा आनंद झाला होता का?" मी म्हटलं, तुझ्या वेळी मला भिंग लागलं नव्हतं.

ही दुपारी आडून बघते. मी बघितलं की कपडे वाळत घालायला लागते. काल तेच चार रुमाल तीनदा वाळत घातले.

२४ फेब्रुवारी

मंडळी सालांवर किती दिवस काढणार? कोपऱ्यावरच्या भाजीवाल्याला सांगून ठेवलं होतं, आज त्याने कोबीचा बाहेरचा पाला पोतंभर दिला. फुकट! सगळा चिरून घातला, दाबून बसवला, वर पाणी शिंपडलं. झाकण जेमतेम लागलं.

"एवढं कशाला?" ही म्हणाली. "अति तिथे माती."

"मातीच तर हवी आहे," मी म्हटलं. तिला हसू आवरलं नाही. कितीतरी दिवसांनी माझ्या बोलण्यावर हसली.

२८ फेब्रुवारी

पाला आता मऊ पडलाय, खाली चांगलं तपकिरी पाणी जमतंय. काम जोरात!

ही हल्ली मागचं दार बंद ठेवते. डास येतात म्हणे. मला तर एकही चावला नाही. जेवायला आता पुढच्या खोलीत बसतो. तिथे वारा चांगला येतो म्हणते.

वास: नाही. हे लिहिताना आज पेन जरा थांबलं. उगाच. पुन्हा जाऊन झाकण उघडलं, नाक आत घातलं, छाती भरून श्वास घेतला. काही नाही. परत येताना बेसिनवरचा हिचा साबण उचलून नाकाशी धरला. त्याचाही नाही. स्वस्तातला आणला असेल. किंवा मला सर्दी असेल.

१ मार्च

वकीलसाहेबांना आज असं गप्प केलं की विचारू नका.

दार वाजवून म्हणाले, "पेंटरसाहेब, रागावू नका, पण तुमच्या गॅलरीत काही मेलंय का? उंदीर वगैरे?"

मी हाताला धरूनच नेलं त्यांना. झाकण काढलं, पेटीत गळ्यापर्यंत डोकं घातलं, दीर्घ श्वास घेतला आणि म्हटलं, "बघा! आहे काही? या, तुम्हीही घ्या." साहेब दोन पावलं मागे, तोंडावर रुमाल, डोळ्यांत पाणी. हिच्याकडे बघायला लागले. मला वाटलं आता ही अट काढणार. पण ही शांतपणे म्हणाली, "पेटीचा नाही हो. खालचं गटार तुंबलंय, त्याचा असेल."

वकील असून गेले निमूटपणे! पुरावाच नव्हता. मला हिचा इतका अभिमान वाटला की सांगता येत नाही. चाळीस वर्षांच्या संसारात ही चारचौघांत माझ्या बाजूने अशी पहिल्यांदा बोलली.

नंतर मी खाली जाऊन गटार बघितलं. वाहतंय व्यवस्थित.

३ मार्च

आजचं सविस्तर लिहितो, कारण विसरायचं नाही.

पहाटे जाग आली, ही अंथरुणात नव्हती. मागचं दार बाहेरून ओढून घेतलेलं. उघडलं तर ही पेटीशी खाली बसलेली, तोंडाला रुमाल बांधून. कोपरापर्यंत हात काळे. शेजारी बादली, बादलीत चिकट काळा लगदा. माझा कोबी. ती मुठीमुठीने तो बाहेर काढत होती आणि कोरड्या कागदाच्या पट्ट्या आत घालत होती. पट्ट्यांचा ढीग शेजारी तयार. म्हणजे आज पहिलाच दिवस नव्हता.

"काय करतेस?"

दचकली. मग रुमाल खाली ओढून म्हणाली, "सडलंय सगळं. खालची गुदमरली असती."

"वास येतोय?"

तिने हातातला लगदा बादलीत टाकला. "चार दिवस झाले. जिन्यापर्यंत येतो."

"मग बोलली का नाहीस? अट तर तुझीच होती!"

"तुम्ही वहीत काय लिहिता ते रोज मला वाचून दाखवता," ती म्हणाली. "वास नाही, वास नाही. तोंड बघण्यासारखं असतं तुमचं तेव्हा. कसं बोलू?"

मी पायरीवर बसलो. काय विचारायचं ते मला ठाऊक होतं आणि विचारायचं नव्हतं. तिनेच विचारलं. "कधीपासून येत नाही?"

मी म्हटलं सर्दी. तिने मान हलवली, नाही. मी म्हटलं वर्षभर असेल. तिने पुन्हा मान हलवली. मग मी म्हटलं, "माहीत नाही गं. हळूहळू गेला असेल. कळलं नाही."

"मला सहा वर्षांपूर्वी कळलं," ती म्हणाली. "नासलेल्या दुधाचा चहा तुम्ही घोटघोट प्यायलात. वर म्हणालात, छान झालाय."

"आणि ओट्यावरचे डाग?"

ती हात पुसायला लागली. किती वेळ पुसत होती. "डाग कसले. मी जिना चढताना मला गॅसचा वास आला. आत येते तर दूध उतू जाऊन जाळ विझलेला, शेगडी चालूच, आणि तुम्ही बाजूला पेपर वाचत बसलेले. तेवढ्यात काडी ओढली असती तर?" तिचा आवाज फाटला. "काहीतरी कारण सांगायला हवं होतं. डाग दिसले."

तीन वर्षं मी तो राग जपला. तीन वर्षं ही माझा चहा करतेय, दूध बघतेय, गॅस बघतेय, दोघांच्या वाटणीचे वास एकटी घेतेय, आणि वर मी म्हणतो हिला कशाचाही वास येतो. मालकानेही ओळखलं असणार. वयाचा मान!

"सांगायचं होतंस," मी म्हटलं.

"नाक्याला?" ती म्हणाली.

मला रडू आलं. लिहायला लाज वाटते, पण आलं. थोड्या वेळाने ती म्हणाली, "आता बसूनच राहणार की बादली उचलणार?" उचलली.

४ मार्च

सकाळी पेटी थाळ्यांतून उचलली आणि दाराकडे निघालो. शब्द म्हणजे शब्द.

"कुठे निघालात?"

"अट मोडली. बाहेर ठेवतो. माळी घेऊन जाईल."

"अट काय होती?"

"वास आला तर बाहेर."

"तुम्हाला आला का?"

"नाही."

"मग? इकडे आणा." आणि स्वयंपाकघराच्या दारामागचा कोपरा दाखवला. झाडून, पुसून ठेवलेला. चार विटा मांडलेल्या! "गॅलरीत ठेवलीत तर मला कळेपर्यंत उशीर होतो. इथे माझ्या नाकासमोर राहील. तुम्ही हातांचं बघा, मी नाकाचं बघते. आणि कोबी या घरात पुन्हा दिसता कामा नये."

पेटी अगदी मापात बसली. ७ फेब्रुवारीला मी म्हटलंच होतं, उत्तम जागा तीच. हे तिला बोलून दाखवलं नाही. निदान आज तरी नाही.

वकीलसाहेबांकडे जाऊन खरं काय ते सांगून आलो. ते म्हणाले, गटाराच्या साक्षीवर मला तेव्हाच संशय होता. उद्या डॉक्टरकडे नाक दाखवायचंय. लेक दुकानातून गॅस गळला की वाजणारं यंत्र आणणार आहे. ही म्हणते, ते बसलं की चहा तुमच्याकडे.

वासाचा रकाना आजपासून ही भरणार. वही स्वयंपाकघरात खिळ्याला टांगली आहे. पहिली नोंद तिच्या अक्षरात: 'कालपेक्षा बरा. कागद अजून घाला.'

२२ मार्च

डॉक्टर म्हणाले, इतक्या वर्षांचं थिनर आहे, वास परत येईल असं सांगत नाही. दोन मिनिटं वाईट वाटलं. मग घरी आलो तर पेटीत तीन नवीन अंडी! भिंग हिनेच पुढे केलं.

गॅसचं यंत्र बसलं. चहा मी केला. ती म्हणाली साखर जास्त झालीय. चालेल, साखर मला कळते.

हिच्या रकान्यात या आठवड्यात: 'ठीक.' 'ठीक.' 'कांदा कुणी घातला?' 'ठीक.'

१८ मे

पहिलं खत! सहा किलो!

मंडळींना नव्या खोक्यात हलवलं आणि खालचं चाळून घेतलं. काळंभोर, चहाच्या पावडरीसारखं मोकळं. मूठ आवळली की गोळा होतो, बोटाने टिचकी मारली की सुटतो. वकीलसाहेबांना एक किलो दिलं. त्यांनी पिशवीत नाक घातलं आणि म्हणाले, पेंटरसाहेब, माझा दावा मागे घेतो.

मी हिच्यापुढे ओंजळ धरली. म्हटलं, "कसा येतो? 'ठीक' लिहू नकोस हं. नीट सांग, मला समजेल असा."

तिने डोळे मिटून वास घेतला. खतावरून माझ्या मनगटापर्यंत आली, मग पुन्हा खताकडे. मग वही खिळ्यावरून काढली आणि टेबलाशी बसून बराच वेळ लिहीत होती. मी हात धुऊन आलो तोवर वही परत खिळ्यावर होती आणि ती चहाचं आधण ठेवायला मला हाक मारत होती.

ओलावा: योग्य. खाणं: कलिंगडाची साल.

वास: बत्तीस वर्षं तुम्ही घरी यायचात तेव्हा तुमच्या आधी थिनरचा वास यायचा. मला तो आवडायचा नाही, पण तो आला की मी निर्धास्त व्हायचे. आज तुमच्या हातांना मातीचा येतोय. हा मला आवडला.